हाताच्या वळणाची छापील अक्षरं

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड ओलांडली की रोहा तालुक्यातलं खांब लागतं. वडखळपासून इथपर्यंत आणि पुढे कोलाडपर्यंत रस्त्याच्या कडेला जी मराठी अक्षरं दिसतात, त्यांतून दोघंजण बोलत असतात. एक म्हणजे शासन: गावाचं नाव, उरलेलं अंतर, धोक्याचं वळण, काम चालू असल्याची ताकीद. दुसरा म्हणजे इथला माणूस: घरगुती जेवण मिळेल, पेणचे पोहे आणि पापड मिळतील, थंडीत पोपटीची ऑर्डर घेऊ. या दोघांचं म्हणणं वेगळं, नातं वेगळं, पण अक्षरांतून ऐकू येणारा सूर आज जवळजवळ एकच झाला आहे. फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर जे चार-दोन फॉन्ट हाताशी असतात, त्यांतलाच एखादा ताठ, जाडजूड फॉन्ट दोन्हीकडे लागतो. ‘वाहने सावकाश चालवा’ आणि ‘या, जेवून जा’ ही वाक्यं सारख्याच आवाजात उच्चारली जातात. हाताने लिहिल्यासारखे दिसणारे मोकळे, सलगीचे फॉन्ट ही हौसेची गोष्ट आहे असं बहुतेकांना वाटतं. मला ती मराठीची गरज वाटते. मात्र असा फॉन्ट मराठी हाताच्या वळणातून आलेला हवा आणि त्याला त्याची जागा नेमून दिलेली हवी.

असे फॉन्ट आज उपलब्ध आहेत, आणि त्यातल्या एकाचा उगम आपल्या घराजवळचा आहे. ‘देक्को’ हा नागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा फॉन्ट ‘सॉर्किन टाइप’ या अमेरिकी अक्षरशाळेने तयार केला. त्याचा पाया मात्र पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या एका जुन्या अक्षरसंचात आहे. ही तीच कंपनी जिची ‘श्री-लिपी’ महाराष्ट्रातल्या डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. देक्कोची अक्षरं सैल, गोलसर, बोलघेवडी आहेत. त्यांचं एक वैशिष्ट्य अभ्यासण्यासारखं आहे: आडवा फराटा उभ्यापेक्षा जाड आहे. रोमन छपाईची सवय नेमकी उलटी असते, तिथे उभी रेघ भारी आणि आडवी हलकी. शिरोरेषेमुळे नागरी ओळीचा भार आडव्या दिशेला असतो, आणि देक्कोत रोमन अक्षरांनीही तोच भार उचलला आहे. दोन लिप्या शेजारी ठेवायच्या तेव्हा नेहमी नागरीनेच रोमनच्या मापात बसावं, अशी आपल्याकडची रीत झाली आहे. इथे रोमन नागरीकडे वळली, म्हणून हा फॉन्ट महत्त्वाचा. दुसरा लोकप्रिय फॉन्ट ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी लिपी रावळ आणि जॉनी पिनहॉर्न यांनी तो केला आणि २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. भरभर लिहिताना अक्षरं जशी कलतात, तशी त्याची अक्षरं कललेली आहेत. फराटा जवळपास एकाच जाडीचा, बॉलपेनाने लिहिल्यासारखा.

छापील मराठीत असा सैल सूर मुळात इतका दुर्मीळ का, याचं उत्तर लिपीच्या इतिहासात आहे. आपल्या पूर्वजांकडे औपचारिक आणि अनौपचारिक लेखनासाठी चक्क दोन लिप्या होत्या. पोथी, स्तोत्र, शास्त्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. पत्र, हिशेब, दप्तर, जमिनीचा कागद मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली, हात फारसा न उचलता, एकाला एक जोडत अक्षरं धावती ठेवायचा. माणसाच्या वेगाचा, घाईचा, लकबीचा ठसा त्या लिपीत उमटत असे. छपाईच्या आरंभी मोडीचाही विचार झाला होता. विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी शब्दकोश बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी टायपात छापला गेला. पण पुढे छापखान्याने बाळबोध स्वीकारली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या टायपाने मराठी डोळ्याला छापील अक्षर कसं दिसावं याची सवय लावली, आणि ते वळण पोथीच्या बोरूचं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि व्यवहारातूनही गेली. छापील मराठीकडे पोथीचा आवाज राहिला, पत्राचा राहिला नाही. ज्या भाषेने घरगुती लिहिण्यासाठी वेगळी लिपी जोपासली, तिच्या संगणकावर घरगुती लिहिण्याचं एखादं वळणही सहज मिळू नये, ही मला खरी उणीव वाटते.

ही उणीव लोकांना जाणवत होती, याचा पुरावा छापील कागदावरच सापडतो. जाहिरातीत, नाटकांच्या शीर्षकांत, मुखपृष्ठांवर जिथे सूर वेगळा हवा होता तिथे टाइप बाजूला ठेवून अक्षरं हाताने काढून घेतली गेली. कमल शेडगे यांनी हे काम इतक्या ताकदीने केलं की नाटकाची जात त्याच्या नावाच्या अक्षरांवरून ओळखू येऊ लागली. याहून साधा पुरावा लग्नपत्रिकेत आहे. सगळी पत्रिका ताठ अक्षरांत, कुलदेवतेच्या कृपेने आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने. आणि तळाशी घरातल्या लहानग्यांच्या नावाने एक ओळ, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ बहुतेक वेळा निराळ्या, वेड्यावाकड्या अक्षरात असते. पत्रिका छापून घेणाऱ्या कुटुंबाने अक्षरकलेचा अभ्यास केलेला नसतो. तरी यजमान बोलतो तेव्हा एक अक्षर आणि भाची बोलते तेव्हा दुसरं, हे त्याला कळतं. अक्षराचा आकार बोलणाऱ्याचं वय, नातं, मनःस्थिती सांगतो ही जाण समाजात आधीपासून आहे. कमतरता आहे ती साधनाची.

साधन करायला मात्र फार अवघड आहे, आणि ते का, हे समजून घेतल्याशिवाय चांगल्या-वाईट फॉन्टची पारख करता येत नाही. हाताने लिहिताना आपण शब्दाची अक्षरं आधी लिहितो आणि शिरोरेघ शेवटी एका झटक्यात ओढतो. ती थोडी चढते, थोडी उतरते, कुठे तुटते. त्यातच हाताचा जिवंतपणा असतो. फॉन्टमध्ये शिरोरेघेचा तुकडा प्रत्येक अक्षराबरोबर वेगळा असतो. शेजारच्या तुकड्याला तो नेमका त्याच उंचीवर आणि त्याच जाडीने भिडला नाही, तर शब्दाच्या माथ्यावर पायऱ्या दिसतात. म्हणजे डगमग हवी, पण सांध्यावर नको. रोमन हस्ताक्षराच्या फॉन्टला ही अडचण इतक्या तीव्रतेने येत नाही, म्हणून रोमनचा एखादा खेळकर फॉन्ट घेऊन त्याची लकब नागरीवर चढवण्याचा प्रयत्न सहसा फसतो. बोरूची टोकंही दोन लिप्यांसाठी उलट दिशांना तिरकी कापली जातात, त्यामुळे जाड-बारीक कुठे पडतं हेच मुळात वेगळं. त्याखेरीज जोडाक्षरं. रोमनच्या साध्या संचाला काही शेकडा आकृत्या पुरतात; कलममध्ये त्या हजाराच्या वर आहेत.

पारख करायला या भागातली गावांची नावं पुरेशी आहेत. ‘खांब’ घ्या. घाईघाईने लिहिलेला ‘ख’ आणि ‘रव’ यांतला गोंधळ फार जुना आहे, आणि तो टाळण्यासाठीच ‘ख’चा खालचा भाग पुढच्या दांड्याला जोडण्याचं वळण रूढ झालं. हस्ताक्षरासारखं दिसण्याच्या नादात फॉन्टकाराने हा जोड सैल सोडला, तर पाटीवर गावाचं नाव ‘रवांब’ दिसेल. मग ‘रोह्याला’ लिहून पाहा: ‘ह’ला ‘य’ कसा बिलगतो, की दोघं हलंत देऊन सुटे उभे राहतात? ‘नागोठण्याच्या’ या शब्दात ‘ण्या’ आणि ‘च्या’ पाठोपाठ येतात. हाताने लिहिल्याचा भास टिकायचा तर दोन्ही ठिकाणचा ‘य’ शिक्क्याने उमटवल्यासारखा हुबेहूब असून चालत नाही. चांगले फॉन्ट अशा वेळी एका अक्षराचे दोन-तीन पर्याय ठेवतात आणि शेजार पाहून आपोआप बदलतात. ‘किनाऱ्यावर’, ‘दऱ्याखोऱ्यांत’ या शब्दांतला ऱ्य हिंदीला लागत नाही, मराठीचं त्यावाचून पान हलत नाही. आणि शेवटी ‘ल’ व ‘श’. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपल्या हाताला वळणी पडलेले आहेत. २००९ मध्ये राज्य शासनाने देवनागरीच्या प्रमाणीकरणाचा जो निर्णय काढला त्यातही हीच रूपं मान्य केली आहेत. पण बहुतेक नागरी फॉन्ट हिंदी वाचकाला समोर ठेवून बनतात. काही फॉन्टांत मराठी रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच वर येतात. ताठ फॉन्टमध्ये हा फरक खपून जातो. हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये तो खपत नाही, कारण हा फॉन्ट सांगतोच मुळी ‘मी तुमच्यातल्याच कुणीतरी लिहिलेलं अक्षर आहे’. कोलाडच्या माणसाचा ‘ल’ जर त्या माणसाच्या हाताचा नसेल, तर ते सांगणं खोटं पडतं.

या फॉन्टांवरचा सर्वांत मोठा आक्षेप पोरकटपणाचा. त्यासाठी ‘कॉमिक सॅन्स’चा दाखला हमखास दिला जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये तो एका विशिष्ट कामासाठी काढला. संगणकावर एक कार्टून कुत्रा वापरणाऱ्याला मार्गदर्शन करत होता आणि त्याच्या तोंडी वर्तमानपत्री वळणाची अक्षरं होती. कॉनेअर यांना ते विसंगत वाटलं. पुढे विंडोजबरोबर तो फॉन्ट जगभर पोचला आणि नको तिथे जाऊन बसला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत फॅबिओला जानोत्ती यांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या शोधाची मांडणी केली, ती याच फॉन्टमध्ये होती, आणि त्या दिवशी अक्षरांचीही चर्चा झाली. त्याच वर्षी माहितीपटकार एरल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर एक चाचणी घेतली. एकच उतारा हजारो वाचकांना वेगवेगळ्या फॉन्टांत दाखवला आणि तो पटतो का असं विचारलं. बास्करव्हिल या जुन्या, भारदस्त फॉन्टमधला मजकूर थोड्या अधिक लोकांना पटला. कॉमिक सॅन्समधल्या मजकुराला नकार देणारे अधिक निघाले. फरक लहान होता, तरी दिशा स्पष्ट होती.

हा पुरावा मी नाकारत नाही. उलट तो माझ्या म्हणण्याला आधार देतो. अक्षराच्या आकाराने मजकुराचं वजन बदलतं हे त्यातून दिसतं. आणि वजन बदलतं म्हणूनच कुठे कोणतं अक्षर, हा प्रश्न गंभीर ठरतो. कॉमिक सॅन्सची चूक त्याच्या आकारात कमी आणि त्याच्या वाटपात जास्त होती. इथलंच उदाहरण घ्या: रायगड जिल्ह्याला दरडी आणि पूर नवे नाहीत. २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये आणि २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. कुंडलिका नदीची पातळी वाढते आहे, घरं रिकामी करा, ही सूचना हस्ताक्षराच्या गोड वळणात लिहिणं अक्षम्य आहे. तिथे ठळक, सुटसुटीत, एकाही अक्षराबद्दल शंका न ठेवणारा फॉन्टच हवा. औषधाच्या वेष्टनावर, न्यायालयाच्या नोटिशीवर, सात-बारावर, मतदान केंद्रावर तोच नियम. जिथे संस्था आदेश देते किंवा हक्क नोंदवते, तिथे वाचणाऱ्याला व्यक्तीचा भास होता कामा नये. पण अंगणवाडीतला पोषण आहाराचा तक्ता, गावच्या वाचनालयात नवी पुस्तकं आल्याची चिठ्ठी, आरोग्यसेविकेने लावलेलं ‘बाळाला लस दिली का?’ हे विचारणं, इथे संस्था असूनही बोलणं माणसाचं आहे. तिथे ताठ अक्षर विचारण्याचा हुकूम करून टाकतं.

दुसरा आक्षेप वाचनीयतेचा, आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. हस्ताक्षर वाचायला छापापेक्षा अवघड, मग मुद्दाम अवघड अक्षर का छापायचं? याचं उत्तर फॉन्टागणिक बदलतं. वाचायला त्रास सहसा अक्षरांच्या अनौपचारिकपणाने होत नाही, दाटीने होतो. २०१२ मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात अक्षरांमधलं अंतर वाढवताच मुलं अधिक बरोबर आणि अधिक वेगाने वाचू लागली होती. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या मार्गदर्शनात वाचनसुलभ फॉन्टांमध्ये त्याच बदनाम कॉमिक सॅन्सचं नाव घेते, तेही अक्षरं दाट वाटत नाहीत म्हणून. नागरीत यात एक पेच आहे. रोमन मजकुरात संगणकावर अक्षरांतलं अंतर वाढवता येतं. नागरीत ते वाढवलं की शिरोरेघ जागोजागी तुटते आणि शब्द विस्कटतो. म्हणून नागरीला ऐसपैसपणा हवा असेल तर तो फॉन्ट काढतानाच द्यावा लागतो. देक्कोत तो दिलेला आहे; हस्ताक्षरी फॉन्ट असूनही त्याची अक्षरं मोकळी बसतात, म्हणून मोबाइलच्या पडद्यावर लहान आकारातही तो वाचता येतो. तरी लांब लेख, कादंबरी, पाठ्यपुस्तकाचा मुख्य मजकूर यांसाठी तो वापरू नये, असंच मी म्हणेन. तीन-चार ओळींपलीकडे सलगी थकवते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे: यंत्राने हाताची नक्कल करणं ही फसवणूक नाही का? आणि त्यात पाट्या रंगवणाऱ्या पेंटरच्या पोटावर पाय येत नाही का? फसवणुकीचा मुद्दा एका सीमेपर्यंत खरा आहे. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, आणि नोटेवर त्यांची सही होती. ती सही छापलेली असली तरी एका जबाबदार माणसाच्या शब्दाची खूण होती. सहीच्या जागी, शपथपत्रात, ‘मी स्वतः लिहिलं’ असा दावा असेल तिथे हस्ताक्षरी फॉन्ट वापरणं खोटेपणा ठरेल. पण पापडाच्या पाकिटावरचं अक्षर कुणा एका बाईंच्या हातचं असल्याचा दावा कुणी करत नाही, आणि वाचणाराही तसं मानत नाही. त्याला सूर कळतो, तेवढंच पुरे. पेंटरांचा मुद्दा मात्र मला अधिक टोचतो. त्यांचं काम फ्लेक्सने केव्हाच हिरावलं, आणि ते ताठ फॉन्टांच्या जोरावर. हे खुले हस्ताक्षरी फॉन्ट नंतर आले. कॅथरिन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. हनीफ कुरेशी यांनी देशभरातल्या पेंटरांची अक्षरं जमवून त्या पेंटरांच्या नावानेच फॉन्ट केले. अशा कामाने आकार वाचतात, माणसाचा रोजगार परत येत नाही. पेणमध्ये किंवा हमरापूर-जोहे परिसरात, जिथे गणेशमूर्तींचे डोळे आजही हाताने रेखले जातात, तिथे कारखान्याची पाटीही हाताने रंगवून घेतली तर कुठलाही फॉन्ट तिच्यापुढे उभा राहणार नाही. फॉन्ट हवा तो मूर्तीबरोबर परगावी जाणाऱ्या शेकडो चिठ्ठ्यांसाठी, वेष्टनासाठी, मोबाइलवरच्या संदेशासाठी. जिथे पेंटर कधीच पोचणार नव्हता.

राहता राहिला व्यवहार. बचत गटाला पाकिटावर असं अक्षर हवं असेल तर पहिली काळजी युनिकोडची. जुन्या पद्धतीच्या हस्ताक्षरी फॉन्टांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की चिन्हांचा ढीग होतो, शोधला तर सापडत नाही. देक्को आणि कलम युनिकोडचे आहेत आणि खुल्या परवान्याखाली आहेत. धंद्यासाठी वापरले तरी पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरी काळजी जाडीची. देक्कोची एकच जाडी आहे. मथळ्यासाठी त्यावर ‘बोल्ड’ची कळ दाबली की संगणक कडेने शाई फुगवल्यासारखा आकार सुजवतो आणि ‘ष’, ‘क्ष’, ‘श्र’ यांची पोकळी बुजते. मथळा मोठा करावा, जाड करू नये. जाडच हवा असेल तर कलम घ्यावा, त्याच्या तीन जाड्या स्वतंत्र काढलेल्या आहेत. तिसरी गोष्ट अशी, की हा खुला परवाना फॉन्ट उघडून बदलण्याचीही मुभा देतो. बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली वाटायचा, एवढीच मुख्य अट. म्हणजे पेणच्या किंवा रोह्याच्या महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीला एखाद्या फॉन्टमधला ‘ल’ हिंदी वळणाचा वाटला, ‘ह्य’ सुटा वाटला, तर तिला तो मराठी हातासारखा काढून सगळ्यांसाठी खुला करता येतो. त्यासाठी लागणारी फॉन्ट संपादनाची साधनंही मोफत मिळतात. हे काम अजून फार थोड्या मराठी हातांनी केलं आहे.